बाडमेर, गडरा रोड, मुनाबाव: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजस्थानला जाणारा कोल्हापूरकर सहसा उदयपूर, जोधपूर, जैसलमेर करून परत येतो. पण थरच्या वाळवंटातून पाकिस्तानच्या सीमेला भिडणाऱ्या जुन्या रेल्वेमार्गाबद्दल विचारणारेही आता बरेच आहेत. रेल्वेतून निवृत्त झालेले, माजी सैनिक, नाकोड्याला जाणारी जैन कुटुंबं, बालोतऱ्याशी कापडाचा व्यवहार असलेले इचलकरंजीकर, असे सगळे त्यात आले. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. गाड्यांच्या वेळा आणि भाडी सारखी बदलतात, ती मुद्दाम दिलेली नाहीत.

१. हे नक्की आहे कुठं? आणि तिथं बघायचं काय?

राजस्थानच्या पश्चिम टोकाला बाडमेर जिल्हा आहे. जोधपूरहून लुणी, समदडी, बालोतरा करत रेल्वे बाडमेरला येते आणि तिथून आणखी सुमारे १२० किलोमीटर पश्चिमेला जाऊन मुनाबाव या स्टेशनावर संपते. मुनाबाव हे भारताच्या बाजूचं शेवटचं स्टेशन. त्याच्या थोडं अलीकडे गडरा रोड हे छोटं गाव लागतं.

बघायचं काय, तर हा रेल्वेमार्गच. तिकीट काढून आत जावं असं प्रेक्षणीय स्थळ गडरा रोडला नाही. एकेकाळी जोधपूरचा माणूस याच रुळांवरून सिंधमध्ये हैदराबादला आणि पुढं कराचीला जात असे. आज तो मार्ग वाळूत एका फाटकापाशी थांबतो. ही गोष्ट ज्याला बघावीशी वाटते, त्यानं अवश्य जावं. ज्याला महाल आणि बाजार हवेत, त्यानं जोधपुरातच दोन दिवस जास्त राहावं. तेही वाईट नाही.

२. इतक्या ओसाड मुलखात रेल्वे नेली कुणी, आणि कशासाठी?

जोधपूर संस्थानानं. अहमदाबाद ते अजमेर हा इंग्रजांचा मीटर गेज, म्हणजे कमी रुंदीच्या रुळांचा, मार्ग १८८१ च्या सुमारास पुरा झाला, पण तो जोधपूर आणि पाली ही व्यापाराची गावं बाजूला टाकून गेला. तेव्हा महाराजा जसवंतसिंह दुसरे यांच्या काळात संस्थानानं स्वतःच रूळ टाकायला घेतले. खारची, म्हणजे आजचं मारवाड जंक्शन, तिथून पालीपर्यंतचा पहिला तुकडा १८८२ मध्ये सुरू झाला आणि १८८५ मध्ये गाडी जोधपूरला पोचली.

पुढचं कारण मीठ. बालोतऱ्याजवळ पचपदराची मिठागरं आहेत. तिथलं मीठ इंग्रज सरकारनं १८७९ च्या करारानं आपल्या ताब्यात घेतलं होतं आणि ते बाहेर काढायला रेल्वे हवी होती. लुणी ते पचपदरा हा फाटा १८८७ मध्ये झाला. तिसरं कारण सिंध. बाडमेरवरून सिंधकडं जाणारा मार्ग १९०० पर्यंत पुरा झाला. हीच वर्षं मारवाडात छप्पनिया अकाळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भीषण दुष्काळाची. दुष्काळ पडला की मारवाडातली माणसं गुरं हाकत सिंधकडं जायची, ती वाट पिढ्यान्‌पिढ्यांची होती. रेल्वे त्याच वाटेनं गेली.

मार्ग मीटर गेजचा होता. सिंधमधल्या हैदराबादला उतरून कराचीसाठी ब्रॉड गेजची, म्हणजे रुंद रुळांची, गाडी धरावी लागे.

३. आपल्या कोल्हापूर रेल्वेशी याचं काही नातं आहे का?

थेट नातं नाही, पण घडण एकाच जातीची आहे. कोल्हापूर–मिरज मार्गही संस्थानाचा. १८८८ मध्ये शाहू महाराजांच्या हस्ते त्याच्या कामाची सुरुवात झाली, तेव्हा ते अवघे तेरा-चौदा वर्षांचे होते. १८९१ मध्ये गाडी धावू लागली. तोही मीटर गेजच होता आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रॉड गेज झाला. बाडमेर–मुनाबाव मार्गाला त्यासाठी २००० नंतरच्या दशकापर्यंत थांबावं लागलं.

दोन्हीकडं संस्थानिकांनी ओळखलं होतं की मुख्य मार्ग आपल्याला टाळून गेला तर व्यापारपेठ मागं पडते. गूळ असो की मीठ, माल बाहेर पडायला रूळ लागतात. आपली रेल्वे मात्र कोल्हापूरला येऊन थांबली ती सह्याद्रीमुळं. तिकडची थांबली ती फाळणी आणि युद्धांमुळं.

४. कोल्हापुरातून जायचं कसं?

कोल्हापूरहून बाडमेरला थेट गाडी नाही. सोयीचा रस्ता मिरजेवरून आहे. बेंगळुरू भागातून हुबळी, मिरज, पुणे, अहमदाबादमार्गे राजस्थानला जाणाऱ्या काही गाड्या मिरजेला थांबतात. त्यांत बेंगळुरू–जोधपूर गाडी आहे आणि यशवंतपूरहून थेट बाडमेरला जाणारी वातानुकूलित गाडीही आहे. या गाड्या रोज नसतात, म्हणून आधी गाडीचा वार बघा आणि मग रजा टाका. उलटं केलं की गाडा अडतो.

दुसरा पर्याय कोल्हापूर–अहमदाबाद एक्स्प्रेस. ती आठवड्यातून एकदा सुटते. अहमदाबादला एक रात्र काढून पुढं भीलडी, समदडीमार्गे बाडमेर किंवा आबू रोडमार्गे जोधपूर गाठता येतं. विमानानं जायचं असेल तर मुंबईमार्गे जोधपूर आणि तिथून रेल्वेनं किंवा रस्त्यानं सुमारे २०० किलोमीटर.

माझं मत विचाराल तर जोधपूर ते बाडमेर हा टप्पा दिवसाउजेडी आणि रेल्वेनंच करा. लुणी सोडल्यावर झाडं हळूहळू खुजी होत जातात, शेतं विरळ होतात आणि बालोतऱ्यानंतर नुसती खेजडीची झाडं आणि आकड्याची, म्हणजे रुईची, झुडपं उरतात. रात्रीच्या गाडीनं गेलात तर पहाटे एकदम वाळवंटात जाग येते आणि मधला बदल हातचा जातो.

५. किती दिवस काढावेत?

येण्याजाण्याचे चार दिवस धरा. तिकडं किमान तीन पूर्ण दिवस: एक मुनाबावच्या गाडीसाठी, एक गडरा रोड आणि किराडूसाठी, एक बाडमेर गावासाठी. नाकोडा, पचपदरा करायचं असेल तर आणखी एक (प्रश्न १५). फारच घाई असेल तर प्रश्न २० बघा.

६. आम्हाला मुलांच्या शाळेमुळं मे महिन्यातच जमतं. चालेल?

नाही. याला मी गुळमुळीत उत्तर देणार नाही. याच पट्ट्यातल्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. बाडमेरचा मे महिनाही त्याच जातीचा असतो. दुपारी गरम वाऱ्याच्या झळा, वर आंधी, म्हणजे धुळीचं वादळ. आपला उन्हाळा कितीही कडक म्हटला तरी संध्याकाळी रंकाळ्यावर वारा सुटतो. तिथं रात्रीही भिंती तापलेल्या असतात. लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन मे-जूनमध्ये जाऊ नका.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. दिवाळीची सुट्टी त्यासाठी चांगली. डिसेंबर-जानेवारीत दिवसा सुखाचं ऊन असतं, पण पहाटे हाडं गारठतात. स्वेटर, कानटोपी आणि जाड पांघरूण लागतंच. पाऊस वर्षाला सरासरी ३० सेंटीमीटरच्या आत, पण तो कसाही पडतो. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेरजवळच्या कवास गावात पूर आला आणि जमिनीखालच्या जिप्समच्या थरामुळं पाणी मुरलंच नाही, महिनोन्‌महिने साचून राहिलं. पुराचं दुःख आपल्याला सांगायला नको. वाळवंटात पूर ही गोष्ट ऐकून हसू येत असेल त्यांनी कवासच्या माणसाशी बोलावं.

७. बाडमेर–मुनाबाव गाडीत बसलं की दिसतं काय? नुसती वाळूच ना?

वाळू आहेच, पण रूळ वाळूतून चालवणं म्हणजे काय ते इथं कळतं. वारा सुटला की वाळू रुळांवर चढते आणि ती काढायला माणसं लागतात. पहिली गाडी सुटण्याआधी मार्ग तपासावा लागतो. आपल्याकडं करूळ-भुईबावडा घाटात पावसाळ्यात दरड कोसळते म्हणून जसा पहारा लागतो, तसा इथं वाळूचा.

स्टेशनांची नावं वाचत जा: जसाई, भाचभर, रामसर, गागरिया, गडरा रोड, लीलमा, जैसिंधर, मुनाबाव. गावं रुळांपासून लांब असतात. स्टेशन म्हणजे एक छोटी इमारत, दोनचार झाडं आणि पाण्याची टाकी. या मार्गावर पाण्याला फार मोल होतं. कर्मचाऱ्यांसाठी आणि आसपासच्या वस्त्यांसाठी पाणी रेल्वेनंच टाक्यांतून येत असे. ढाणीत, म्हणजे शेतातल्या वस्तीत, टांका दिसेल: जमिनीत बांधलेलं, वरून झाकलेलं, पावसाचं पाणी साठवायचं कुंड. गोल, मातीनं लिंपलेल्या, शाकारलेल्या झोपड्याही दिसतील.

डब्यात स्थानिक माणसंच असतात. बाडमेरच्या दवाखान्यातून परतणारी, बाजार करून निघालेली, सीमा सुरक्षा दलाचे जवान. त्यांच्यासाठी ही एसटी आहे. खिडकीची जागा मिळाली नाही तर हट्ट करू नका, परतताना मिळेल. सगळा प्रवास तीनेक तासांचा. मुनाबावला गाडी थोडा वेळ थांबून परत फिरते.

८. गडरा रोडला मुद्दाम थांबावं का? तिथं तर काहीच नाही म्हणतात.

थांबावं. मुनाबाव आणि गडरा रोड यांपैकी एकच जमत असेल तर मी गडरा रोड निवडीन.

गडरा नावाचं मूळ गाव रुळांपासून दूर होतं आणि गडरा रोड हे त्याचं स्टेशन. फाळणीत सीमा अशी आखली गेली की गाव पाकिस्तानात राहिलं आणि स्टेशन भारतात. तिकडून उठून आलेली माणसं स्टेशनाभोवती वसली आणि आजचं गाव उभं राहिलं. म्हणजे इथं आधी स्टेशन होतं, वस्ती नंतर आली. बाडमेरच्या बाजारात गडऱ्याचे लाडू मिळतात, त्यांचं मूळही तिकडचंच. जरूर खा.

दुसरं कारण रेल्वे कर्मचाऱ्यांचं स्मारक. सप्टेंबर १९६५ च्या युद्धात आघाडीवर रसद पोचायची ती याच एकेरी मार्गानं. पाकिस्तानी विमानांच्या हल्ल्यात रूळ उखडले जात होते आणि रेल्वेची माणसं ते पुन्हा जोडत होती. त्यात १७ रेल्वे कर्मचारी मारले गेले. ही सैनिक नव्हेत, पगारावर काम करणारी माणसं. त्यांच्या हातात पहारी, पाने आणि हातोडे होते. गाडी पुढं गेली पाहिजे एवढंच त्यांना ठाऊक होतं. युद्धाच्या गोष्टी सांगताना आपण रणगाडे आणि विमानं मोजतो, रूळ जोडणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही. गडरा रोडला त्यांची नावं दगडावर आहेत. ती वाचायला पाच मिनिटं लागतात. एवढ्यासाठी कोल्हापूरहून जावं असं मला मनापासून वाटतं.

मुनाबावच्या गाडीनं जाऊन मधेच गडरा रोडला उतरता येतं, पण परतीच्या गाडीचा मेळ बसेलच असं नाही. त्यापेक्षा बाडमेरहून जीप करून वेगळ्या दिवशी या. रस्त्यानं दोनेक तास लागतात.

९. थर एक्स्प्रेस अजून चालते का? तिचं तिकीट मिळेल का?

नाही. १९६५ च्या युद्धात सीमेपलीकडची वाहतूक तुटली ती चाळीस वर्षं तुटलेलीच राहिली. १८ फेब्रुवारी २००६ रोजी थर एक्स्प्रेस सुरू झाली. जोधपूरच्या भगत की कोठी स्टेशनावरून आठवड्यातून एकदा गाडी मुनाबावला यायची आणि पुढं पाकिस्तानातल्या खोखरापारमार्गे कराचीचा प्रवास व्हायचा. ऑगस्ट २०१९ मध्ये ती बंद झाली, ती आजतागायत.

ही गाडी कुणाच्या कामाची होती ते लक्षात घ्या. बाडमेर-जैसलमेरच्या राजपुतांची सोयरीक सिंधमधल्या उमरकोटच्या सोढा राजपुतांकडं, मेघवाळ, मांगणियार अशा अनेक समाजांचे नातेवाईक दोन्हीकडं. लग्नाची वऱ्हाडं या गाडीनं जात. गाडी बंद झाल्यावर माहेर तुटलेल्या बायका त्या भागात आहेत. तिथं कुणाशी बोलताना हे ध्यानात ठेवा.

१०. मुनाबावला सीमा बघायला मिळते का? वाघा सीमेवरच्यासारखं संचलन असतं?

तशा अपेक्षेनं जाऊ नका. मुनाबाव हे रेल्वे स्टेशन आहे, सीमादर्शनाचं ठिकाण नव्हे. स्टेशनाची इमारत, फलाट, पुढं जाणारे रूळ, एवढं दिसतं. पुढं सीमा सुरक्षा दलाचा ताबा. जवान जिथं थांबवतील तिथून परत फिरायचं, वाद घालायचा नाही.

११. आपण भारतीय आहोत, मग परवानगी कशाला?

सीमेलगतची काही गावं अधिसूचित क्षेत्रात येतात आणि तिथं जिल्ह्याबाहेरच्या भारतीयांनाही उपविभागीय दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. कुठलं गाव त्यात येतं हे बदलू शकतं. म्हणून बाडमेरला पोचल्यावर पहिलं काम म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा पोलिसांकडं विचारणं. प्रत्येकाचं मूळ आधार कार्ड आणि दोन झेरॉक्स जवळ ठेवा. परदेशी नागरिकत्व असलेल्यांसाठी प्रश्न २२ बघा.

१२. फोटो काढले तर चालतात का?

डब्यातले, माणसांना विचारून काढलेले, वाळूचे, खेजडीचे फोटो काढा. सीमेचं कुंपण, चौक्या, जवान, लष्करी वाहनं, रडार, पूल यांचे नको. बाडमेरजवळ उत्तरलाईला हवाई दलाचा तळ आहे, तिथून गाडी किंवा रस्ता जाताना मोबाइल खिशात. ड्रोन घरी ठेवा. गडरा रोडच्या स्मारकाचा फोटो काढायला हरकत नसते, तरी स्टेशनमास्तरांना आधी विचारलं की बरं. ते चार गोष्टी आपण होऊनही सांगतात.

१३. वाफेचं इंजिन, जुने डबे, रेल्वेचं संग्रहालय असं काही आहे का?

बाडमेर, गडरा रोड, मुनाबाव इथं असं संग्रहालय नाही. आता सगळा मार्ग ब्रॉड गेज आहे, मीटर गेजची गाडी इथं दिसणार नाही.

मीटर गेज चालती बघायची असेल तर परतताना मारवाड जंक्शनला उतरा. तिथून अरवलीच्या घाटातून गोरमघाट, खामलीघाटकडं जाणारा जुना मीटर गेज मार्ग आहे. ऑक्टोबर २०२३ पासून त्यावर पर्यटकांसाठी ‘व्हॅली क्वीन’ ही वारसा गाडी सुरू झाली. इंजिन वाफेच्या इंजिनासारखं सजवलेलं आहे, पण आहे डिझेलचं. ती रोज नसते, वार बघून आरक्षण करा. शिवाय हेच ते खारची, जिथून जोधपूर संस्थानची रेल्वे सुरू झाली (प्रश्न २). मुलं सोबत असतील तर त्यांना ही गाडी जास्त आवडेल.

१४. खाण्याचं काय? तांबडा-पांढरा सोडून राहवेल का?

राहवेल. बाजरीचा सोगरा म्हणजे आपल्या भाकरीपेक्षा जाड, तुपात चुरलेला. त्याबरोबर कढी, केर-सांगरीची भाजी, काचरीची चटणी, ताक. केर ही झुडपाची छोटी फळं आणि सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. दोन्ही उन्हाळ्यात वाळवून वर्षभर पुरवतात. पाऊस नसला तरी जे झाड शेंग देतं त्याच्यावर माणसं जगली, ती ही भाजी. हॉटेलात ती तेलात बुडवून देतात, घरगुती खाणावळीत मिळाली तर तिथं खा. वाळलेली केर-सांगरी घरी आणता येते, रात्रभर भिजवून शिजवायची.

तिखट झणझणीत असतं, मिरची कमी पडणार नाही. मटण काही ठिकाणी मिळतं, पण गावाचा कल शाकाहाराकडं आहे. मुनाबावच्या गाडीत जाताना डबा बांधून न्या, वाटेत भरवशाचं काही मिळत नाही.

१५. आम्ही नाकोड्याला जाणारच आहोत. त्याला जोडून काय करता येईल?

नाकोडा पार्श्वनाथ तीर्थ बालोतऱ्याजवळ मेवानगरला आहे. जयसिंगपूर, इचलकरंजी, गुजरीतली अनेक कुटुंबं तिथं जातात. धर्मशाळा आणि भोजनशाळा आहे. तिथं मुक्काम करून दुसऱ्या दिवशी रेल्वेनं बाडमेर गाठता येतं, म्हणजे वाट वाकडी करावी लागत नाही.

मध्ये पचपदरा बघा. तिथं खारवाळ समाजाचे लोक जमिनीत खड्डे खणतात, खाऱ्या पाण्यात मोराळीच्या काटेरी फांद्या टाकतात आणि त्या काट्यांवर मिठाचे खडे धरतात. रेल्वे ज्या मिठासाठी आली ते हेच. आता शेजारीच तेलशुद्धीकरणाचा मोठा प्रकल्प उभा राहिला आहे.

इचलकरंजीकरांना बालोतरा नवीन नाही. आपल्या यंत्रमागावरचं कोरं कापड रंगाई-छपाईला पाली, बालोतरा, जसोल या गावांकडं जातं. आपण विणलेलं कापड पुढं कुठं जातं ते एकदा डोळ्यांनी बघून या.

१६. बाडमेर गावात आणि आसपास दुसरं काय?

किराडूची देवळं. बाडमेरपासून ३५ किलोमीटरच्या आसपास, अकराव्या-बाराव्या शतकातली. पाच देवळांचे अवशेष आहेत, त्यांतलं सोमेश्वर सर्वांत मोठं. ज्यांनी खिद्रापूरचा कोपेश्वर नीट बघितला आहे त्यांनी किराडू बघावंच. काळ साधारण तोच, पण दगड वेगळा, घडण वेगळी, आणि इथं भोवती नदी नसून उघडा माळ. सूर्यास्तानंतर तिथं थांबलेला माणूस दगड होतो अशी दंतकथा सांगतात. तसंही अंधार पडायच्या आत निघायचं असतंच.

गावात टेकडीवर जोगमायेचं देऊळ आहे, तिथून सगळं बाडमेर दिसतं. बाजारात अजरख छापाचं कापड घ्या, निळ-लाल रंगातलं, लाकडी ठशांनी छापलेलं. लाकडावरचं कोरीवकामही इथलं नावाजलेलं आहे.

मांगणियारांचं गाणं ऐकायला मिळालं तर सोडू नका. कमायचा आणि खडताल ही वाद्यं घेऊन बसलेले कलाकार हॉटेलात येतात, पण ठरवून, बिदागी आधी बोलून, शांतपणे तासभर ऐकलंत तर ते वेगळंच गातात. जेवताना मागं वाजत राहावं अशातलं ते संगीत नाही.

१७. वाळूचे डोंगर आणि उंटाची सफर?

बाडमेरजवळ महाबारला टेकड्या आहेत, संध्याकाळी जाता येतं. मोठ्या प्रमाणावर हवं असेल तर जैसलमेरजवळचं सम हे गाव. याबद्दल सांगणारे बरेच आहेत.

१८. राहायचं कुठं? आजी-आजोबांना झेपेल का?

मुक्काम बाडमेरलाच. साधी आणि बरी अशी दोन्ही प्रकारची हॉटेलं तिथं आहेत. खनिज तेलाचा धंदा आल्यापासून खोल्या वाढल्या, पण भाडीही चढली. गडरा रोड, मुनाबावला मुक्कामाचा विचार करू नका.

आजी-आजोबांना थंडीत झेपतं. त्रास होतो तो दोन गोष्टींचा, स्वच्छतागृह आणि पाणी. माणशी दोन लिटर पाणी सोबत, औषधं जास्तीची, थोडी रोकड. सीमेकडं मोबाइलला रेंज येते-जाते, तेव्हा नुसत्या फोनवरच्या पैशांवर भिस्त ठेवू नका. गावात कुणी पाणी दिलं तर ते टांक्यातलं असू शकतं. सांडू नका, अर्धा ग्लासच मागा. बोलताना ‘राम राम सा’ म्हणा, हिंदी सगळ्यांना कळते, आणि म्हाताऱ्या माणसाला नावानं न हाकता नुसतं ‘सा’ लावलं तरी चेहरा खुलतो.

१९. माझे वडील ७१ च्या युद्धात बाडमेर भागात होते. त्यांची जागा बघता येईल का?

आपल्या जिल्ह्यात घरटी फौजी असलेली गावं आहेत, म्हणून हा प्रश्न फार येतो. १९७१ मध्ये याच बाजूनं भारतीय सैन्य सिंधमध्ये खोलवर शिरलं होतं. रेल्वे कामगारांनी तुटलेले रूळ जोडून खोखरापारपर्यंत गाडी नेली, मागून रसद गेली. पण तो बहुतेक मुलूख सिमला करारानंतर परत दिला गेला, त्यामुळं वडील ज्या ठिकाणी लढले ते आज सीमेपलीकडं असण्याची शक्यता मोठी.

अलीकडच्या चौक्यांवर खासगी माणसाला जाता येत नाही. वडिलांची पलटण आणि काळ लिहून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत विचारणा करा. वडील हयात असतील आणि प्रवास झेपत असेल तर त्यांना मुनाबावच्या गाडीत खिडकीशी बसवा. स्टेशनांची नावं ते तुमच्याआधी सांगतील.

गडरा रोडला दरवर्षी ९ सप्टेंबरला रेल्वे कर्मचारी जमून श्रद्धांजली वाहतात. त्या दिवशी जायचं असेल तर ऊन आणि दमट हवा सोसायची तयारी ठेवा, आणि पाहुण्यासारखं मागं उभं राहा.

२०. हातात एकच दिवस आहे. काय करू?

जोधपूरहून रात्री निघून सकाळी बाडमेरला पोचा, जीप ठरवा, आधी गडरा रोड आणि येताना किराडू. मुनाबावची गाडी सोडून द्या. एका दिवसात तिन्ही कोंबली की एकही नीट होत नाही.

२१. आरक्षण झालंय आणि सीमेवर तणाव असल्याच्या बातम्या आहेत. जावं का?

तणाव वाढला की सर्वांत आधी मुनाबावची गाडी बंद होते. मे २०२५ मध्ये तसंच झालं. अशा वेळी जोधपूरपर्यंत जाऊन पुढचं तिथं ठरवा. मारवाड जंक्शनची घाटातली गाडी (प्रश्न १३) किंवा नाकोडा (प्रश्न १५) हे हाताशी असलेले पर्याय. बाडमेरच्या लोकांना अंधार पाळावा लागत असताना आपण सहलीला जाऊन त्यांच्या यंत्रणेवर भार टाकू नये.

स्वतःच्या गाडीनं जाणाऱ्यांनीही हेच धरून चालावं. कोल्हापूर ते बाडमेर तेराशे किलोमीटरच्या आसपास आहे. तिकडचे नवे महामार्ग उत्तम आहेत, पण सीमेलगतच्या रस्त्यावर रात्री गाडी चालवू नका. उंट आणि गाई रस्त्यातच बसलेल्या असतात, आणि तपासणीला थांबावंही लागतं.

२२. मुलगा अमेरिकेत असतो, ओसीआय कार्ड आहे. तो सोबत आला तर?

बाडमेर गावापर्यंत अडचण नाही. पुढच्या प्रतिबंधित पट्ट्यासाठी ओसीआय कार्ड पुरत नाही, त्याला परदेशी नागरिकाचे नियम लागतात आणि जिल्हाधिकारी कार्यालयातून वेगळी परवानगी घ्यावी लागते. तीही मिळेलच असं नाही. निघण्याच्या बरेच दिवस आधी लेखी अर्ज करा आणि पासपोर्टची प्रत जोडा. उत्तर आलं नाही तर त्याला घेऊन मुनाबावच्या गाडीत बसू नका. अशा कुटुंबांनी किराडूचंही आधी विचारून घ्यावं, कारण ते याच बाजूला येतं. अडलंच तर त्या दिवशी मुलाला बाडमेरमध्ये ठेवा, बाकीच्यांनी जाऊन यावं.